बघ, पण शेवटपर्यंत बघ

‘बघितला. पण यात काही घडतच नाही गं.’

मैत्रिणीचा एवढाच निरोप होता. तक्रारीचा सूर नव्हता, टोमणा तर नव्हताच. ‘नेहमीचं बघून कंटाळा आलाय, वेगळं काहीतरी सुचव,’ असं तिनेच म्हटलं होतं, मी नाव दिलं, तिने वेळ काढून बघितलं आणि जे वाटलं ते सांगितलं. यात खुपण्यासारखं काहीच नाही. तरीही ते वाक्य दिवसभर माझ्या मागे लागलं. हातातलं काम चाललेलं असायचं आणि मधूनच मी मनात तिला उत्तर देत असायचे. अगं, तो दोन कपांचा प्रसंग बघितलास ना? शेवटी ती टेबलं पुढे सरकतात ते? एवढं सगळं घडतं की त्यात! पण असं बोलून कुणाला सिनेमा आवडत नाही, हेही मला कळत होतं. म्हणून मी फक्त ‘बरं’ एवढंच लिहिलं आणि गप्प बसले. गप्प बसल्यावर मात्र विचार जास्तच सुरू झाले.

सिनेमा होता ‘इल पोस्तो’. एर्मान्नो ओल्मी यांचा, १९६१ सालचा, इटालियन, कृष्णधवल. मिलानजवळच्या गावातला दोमेनिको नावाचा पोरगेला मुलगा एका मोठ्या कंपनीत नोकरीसाठी परीक्षा द्यायला जातो. घरात जागा नाही म्हणून तो स्वयंपाकघरात झोपतो. परीक्षेत एक गणित असतं, मग उठाबशा काढायला लावतात, विचित्र प्रश्न विचारतात. तिथे त्याला एक मुलगी भेटते. मधल्या सुट्टीत दोघं कॉफी प्यायला जातात, आणि पिऊन झाल्यावर ते रिकामे कप कुठे ठेवायचे हेच त्यांना कळत नाही. मोठ्या माणसांच्या जगात पहिल्यांदाच शिरलेली दोन मुलं, हातात कप, नजर आजूबाजूच्यांवर. मग नोकरी लागते, पण दोघांना वेगवेगळ्या इमारतींत. नव्या वर्षाच्या पार्टीला ती येईल म्हणून तो नटूनथटून जातो. ती येत नाही. सिनेमातलं प्रेमप्रकरण म्हणावं तर तेवढंच. ओल्मी यांनी स्वतः एका वीज कंपनीत नोकरी केली होती, तिच्यासाठी माहितीपट केले होते. त्यामुळे ते लांबलचक कॉरिडॉर, तो शिपायाचा डेस्क, साहेब यायच्या आधीचा आणि नंतरचा शांतपणा, हे सगळं आतल्या माणसाने दाखवलेलं आहे. यात धंदेवाईक नट जवळपास नाहीत. दोमेनिकोच्या चेहऱ्यावर जो संकोच आहे तो मला अभिनय वाटतच नाही. समोर कॅमेरा आहे हे विसरलेल्या मुलाचा तो चेहरा वाटतो.

आणि शेवट. एक कारकून मरतो. रात्री घरी बसून तो कादंबरी लिहीत असे, ती त्याच्या सामानात सापडते आणि बाजूला ठेवली जाते. त्याचं टेबल रिकामं होतं. ते दोमेनिकोला मिळणार म्हटल्यावर मागे वर्षानुवर्षं बसलेला एकजण तक्रार करतो, आणि मग सगळे जण आपापले कागद, दौती, फायली उचलून एकेक टेबल पुढे सरकतात. अगदी मागच्या टेबलावर, अंधूक दिव्याखाली, दोमेनिको बसतो. प्रती काढणाऱ्या चक्रमुद्रण यंत्राचा आवाज येत राहतो. सिनेमा संपतो. नोकरी मिळाली. कायमची. आता त्याला आयुष्यभर करायचं आहे ते एवढंच, टेबलाटेबलाने पुढे सरकत राहणं.

हा सिनेमा मला ज्यांनी सुचवला ते वयाने बरेच मोठे, शांत स्वभावाचे गृहस्थ होते. फिल्म सोसायटीच्या खेळांना नेमाने येणारे. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते आणि जागतिक सिनेमाबद्दल मला फार उत्साह होता, म्हणजे नावं पाठ होती. त्यांनी मला ‘महान कलाकृती आहे’ वगैरे काहीही सांगितलं नाही. दिग्दर्शकाचं नावही नंतर सांगितलं. ते म्हणाले, ‘त्यात दोन मुलं कॉफी पितात. कपाचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. तुम्ही नवीन नोकरीला लागलात ना? तेवढं बघा.’ बास. मी बघायला बसले ते त्या कपांसाठी. ते कप आले तेव्हा मला नोकरीतला माझा पहिला आठवडा आठवला. फोन कुणाचा उचलायचा, जेवायला कुणाबरोबर बसायचं, निघताना कुणाला सांगून निघायचं, हे काही कळत नसल्याचे ते दिवस. पुढचा अख्खा सिनेमा मग माझाच झाला.

आजही मला वाटतं, सिनेमा सुचवणं म्हणजे हेच. त्यांनी सिनेमा बघितला होता आणि मलाही बघितलं होतं.

गाजलेल्या सिनेमाच्या बाबतीत इतकं काही करावं लागत नाही. लाखो लोकांनी तो पाहिलेला असतो, त्यातली वाक्यं बोलण्यात आलेली असतात, आणि आपल्याला नाही आवडला तरी ‘सगळ्यांना आवडलाय, बघू अजून थोडा’ असं म्हणून माणूस तासभर बसतो. फारसं कुणाला माहीत नसलेल्या सिनेमामागे असं कुणीच उभं नसतं. त्याला ओळखीचा नट नाही, भाषा परकी, रंग नाहीत, सुरुवातीला कुणी कुणाला मारत नाही. बघणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत उठावंसं वाटलं तर त्याला थांबवायला असतो फक्त एक माणूस, ज्याने तो सुचवला तो. त्याचा शब्द हाच काय तो जामीन. म्हणून अशा शिफारशीत सुचवणाऱ्याचं काहीतरी गुंतलेलं असतं. समोरच्याने ‘काही घडत नाही’ म्हटलं की ते सिनेमाबद्दल आहे हे समजूनही आपल्याला लागतं, कारण आपण आपल्या अगदी आतली एखादी जागा त्याला दाखवलेली असते.

यात आणखी एक चमत्कारिक भावना असते आणि तीही खरी आहे. आवडलेला अनोळखी सिनेमा सगळ्यांना सांगावासा वाटतो आणि त्याच वेळी कुणालाच सांगू नये असंही वाटतं. मी कुणाबरोबर तरी बसून आवडता सिनेमा पुन्हा बघते तेव्हा पडद्याकडे माझं निम्मंच लक्ष असतं. उरलेलं शेजारच्या माणसाकडे. तो आता जांभई देईल का, फोन उचलेल का, इथे हसेल का. ज्या जागी मला दरवेळी भरून येतं त्या जागेच्या आधी मी नकळत श्वास धरते. आणि त्याने नेमकं तिथेच पाण्याचा ग्लास शोधायला सुरुवात केली की वाटतं, नकोच होतं दाखवायला. पण मग आठवतं की असे सिनेमे टिकले आहेत तेच मुळी कुणीतरी ते हट्टाने दुसऱ्याला दाखवले म्हणून.

‘वांडा’चं उदाहरण घ्या. बार्बरा लोडन या अभिनेत्रीने १९७० मध्ये लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतः प्रमुख भूमिका केलेला सिनेमा. १६ मिलिमीटरच्या अरुंद फिल्मवर, मूठभर माणसांनिशी, अगदी थोड्या पैशांत. अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींच्या भागात राहणारी एक बाई घर सोडते. घटस्फोटाच्या सुनावणीला ती उशिरा येते, केसांत कुरळे करायच्या गुंडाळ्या तशाच, आणि मुलं बापाकडेच बरी राहतील असं सांगून टाकते. पुढे ती एका चिडखोर, किरकोळ दरोडेखोराच्या मागे मागे फिरते. तिला काय हवंय हे तिलाच माहीत नाही आणि सिनेमाही ते ठाऊक असल्याचा आव आणत नाही. सुरुवातीला कोळशाच्या काळ्या ढिगाऱ्यांमधून पांढऱ्या कपड्यांतली एक बारीकशी आकृती चालत जाताना दिसते. कॅमेरा लांबून, घाई न करता तिच्याबरोबर सरकत राहतो. मला हे चालणं इतकं पुरतं की तिच्याबद्दलची माहिती नंतर मिळाली नसती तरी चाललं असतं. व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला, पण तिच्या स्वतःच्या देशात तो फारसा कुणी पाहिला नाही. लोडन १९८० मध्ये वयाच्या ४८व्या वर्षी गेली. पूर्ण लांबीचा दुसरा सिनेमा तिला करता आला नाही. पुढे इझाबेल ह्युपेर या फ्रेंच अभिनेत्रीने पुढाकार घेतला आणि तो फ्रान्समध्ये पुन्हा लोकांसमोर आला. मूळ रिळं एका बंद होणाऱ्या लॅबमधून वाचली आणि त्यांवरून २०१०च्या सुमाराला तो नीट दुरुस्त करण्यात आला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी एकजण दुसऱ्याला म्हणालेला आहे, हा बघ.

चार्ल्स बर्नेट यांच्या ‘किलर ऑफ शीप’ची गोष्ट तर आणखी हळहळ लावणारी आहे. हा त्यांचा विद्यापीठातला पदवीचा सिनेमा. दहा हजार डॉलरांहून कमी खर्चात, बराचसा शनिवार-रविवारी चित्रित केलेला, १९७७-७८ मध्ये पुरा झालेला. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स वस्तीतला स्टॅन कत्तलखान्यात काम करतो, त्याला झोप लागत नाही. त्यातली गाणी इतकी नेमकी निवडलेली आहेत की त्यांच्याशिवाय तो सिनेमा उभा राहत नाही, आणि त्याच गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरलेले नव्हते म्हणून तो थिएटरांत रीतसर लागला थेट २००७ मध्ये. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं तो वर्गांत, महोत्सवांत, अशा आडबाजूच्या खेळांतच दिसत राहिला. मधल्या काळात, १९९० मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेशही झाला. जपून ठेवावा इतका मोलाचा, पण तिकीट काढून बघता येत नाही असा सिनेमा! त्यात स्टॅन आणि त्याचा मित्र पैसे जमवून गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात, घामाघूम होत जिन्यांवरून खाली आणतात, कसंबसं टेम्पोच्या मागच्या कडेला टेकवतात. गाडी सुरू होते आणि इंजिन रस्त्यावर पडून फुटतं. दोघं बघतात. निघून जातात. दूर जाणाऱ्या गाडीतून ते इंजिन रस्त्यावर लहान लहान होत जातं. दुसऱ्या एका प्रसंगात नवरा-बायको खिडकीच्या उजेडात डिना वॉशिंग्टनच्या गाण्यावर संथ नाचतात. गाणं संपतं, तो बाजूला होतो, ती एकटी उरते. माझ्या लेखी संसाराबद्दलचे मोठमोठे संवाद त्या नाचापुढे फिके आहेत.

असे वाचलेले थोडे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली केलेल्या पाहणीनुसार तिथे मूकपटांच्या काळात बनलेल्या पूर्ण लांबीच्या सुमारे अकरा हजार चित्रपटांपैकी मूळ स्वरूपात, पूर्ण अवस्थेत उरलेत ते फक्त १४ टक्के. हा आकडा वाचल्यापासून कुठल्याही जुन्या, अनोळखी सिनेमाची प्रत नीट बघायला मिळाली की मला ते भाग्य वाटतं.

काही सिनेमे मात्र मी माणूस बघूनच सुचवते. लिओ मॅककेरी यांचा १९३७ सालचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ त्यातला एक. म्हाताऱ्या आईवडिलांचं घर बँकेकडे जातं. मुलं वाईट नाहीत, पण दोघांना एकत्र ठेवायला कुणालाच जमत नाही. म्हणून आई एका मुलाकडे आणि वडील मुलीकडे. त्यातला फोनचा प्रसंग विसरता येत नाही. सुनेच्या घरी पत्त्यांचा वर्ग चाललेला असतो, पाहुणे जमलेले असतात, आणि लुसीला, म्हणजे त्या म्हाताऱ्या आईला, नवऱ्याचा फोन येतो. ती फोनवर मोठमोठ्याने बोलते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आधी पाहुण्यांना तिचा त्रास झालेला असतो. हळूहळू खोली शांत होते, पत्ते थांबतात, आणि कुणालाच मान वर करवत नाही. पुढे मुलगा आईला वृद्धाश्रमाबद्दल सांगायला येतो तेव्हा ती त्याच्या आधीच बोलते. मलाच तिथे जायचंय म्हणते. त्याला ते शब्द उच्चारावे लागू नयेत म्हणून. आणि ही गोष्ट तुझ्या वडिलांना कळू देऊ नकोस, एवढंच मागते. सुखान्त कर म्हणून स्टुडिओने मॅककेरींच्या मागे लकडा लावला, ते बधले नाहीत. सिनेमा चालला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, हलक्याफुलक्या सिनेमासाठी त्यांना ऑस्कर मिळालं तेव्हा ते म्हणाले की तुम्ही चुकीच्या सिनेमासाठी दिलंत. मला हा माणूस त्या एका वाक्यासाठीही आवडतो.

हा सिनेमा मी तरुण मुलांना सहसा सांगत नाही. ज्यांचे आईवडील थकलेत, आणि जे ‘आता यांचं कसं करायचं’ या प्रश्नात सापडलेत, त्यांना सांगते. पण सगळ्यांना नाही. त्यांतही जो आधीच अपराधी वाटून खचलाय त्याला नाही. हे ठरवताना मी खूप घुटमळते. एकाला सांगितला तेव्हा तो नंतर कितीतरी दिवस त्यावर काहीच बोलला नाही. मीही विचारलं नाही. आवडला की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि ते विचारायची मला गरजही वाटत नाही.

फरोग फरोखजाद या इराणी कवयित्रीचा ‘द हाउस इज ब्लॅक’ही तसाच. १९६३चा, जेमतेम २२ मिनिटांचा, तब्रिझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवरचा. तिने दिग्दर्शित केलेला हा एकच. शाळेत एका मुलाला चार सुंदर गोष्टींची नावं विचारतात. तो चंद्र, सूर्य, फुलं, खेळ असं सांगतो. दुसऱ्याला कुरूप गोष्टी विचारतात. तो म्हणतो, हात, पाय, डोकं. आणि वर्गातली मुलं हसतात! ती खरीखुरी, मोकळी हसतात, आणि आपण काय करावं ते आपल्याला कळत नाही. त्या वसाहतीतल्याच एका मुलाला फरोगने पुढे दत्तक घेतलं. ती स्वतः १९६७ मध्ये अपघातात गेली, तेव्हा अवघी ३२ वर्षांची होती. हा सिनेमा मी कुणालाही सहज जाता जाता सांगत नाही. ज्याच्याशी नंतर तासभर बोलता येईल अशालाच सांगते.

लहान मुलांबरोबर बघायला कुणी विचारलं तर मात्र मी क्षणही न लावता ‘कुम्माट्टी’ म्हणते. जी. अरविंदन यांचा १९७९चा मल्याळम सिनेमा. गाणी म्हणत गावात येणारा एक बुवा मुलांना खेळता खेळता प्राणी बनवतो. परत माणसं करताना एकजण राहून जातो, तो कुत्राच राहतो आणि बुवा परत येईपर्यंत वाट बघतो. माणूस झाल्यावर तो पहिलं काय करतो ते मी सांगत नाही. २०२१ मध्ये तो सुंदर दुरुस्त झालाय. त्यातलं गवत आणि आभाळ बघून मोठ्यांनाही हरखून जायला होतं.

‘आयुष्यात बघायलाच हवेत असे शंभर’ छापाच्या याद्या मला कधी उपयोगी पडल्या नाहीत. त्यात सगळे सिनेमे एकाच आवाजात हाका मारतात. कोणता कधी बघावा हे त्या सांगत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने तेच तर महत्त्वाचं. दमून घरी आलेल्या माणसाला ‘वांडा’ देऊ नये. नुकतं प्रेमात पडलेल्याला ‘मेक वे’ द्यावा की नाही यावर मी तासभर वाद घालू शकते. माझ्या त्या मैत्रिणीला ‘इल पोस्तो’ पुन्हा बघ असं मी म्हणणार नाही. ती माझ्याहून फार वेगळ्या वेगाने जगते, तिला ज्यात जीव लागतो त्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आमची मैत्री दोन कपांवर अवलंबून नाही. पण ‘काही घडत नाही’ हे मात्र मी मान्य करणार नाही, कधीच नाही.

सध्या कुणी विचारलं तर मी एकच नाव देते. ‘द नेकेड आयलंड’. कानेतो शिन्दो यांचा १९६०चा जपानी सिनेमा. त्यांची छोटी निर्मितीसंस्था बुडायच्या बेतात होती. आता शेवटचा म्हणून त्यांनी हा मोजक्या माणसांना घेऊन केला. पुढच्याच वर्षी त्याला मॉस्कोच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो देशोदेशी विकला गेला आणि संस्था वाचली. कथा सांगायची तर एका ओळीची. लहानशा खडकाळ बेटावर नवरा, बायको आणि दोन मुलगे राहतात. बेटावर गोडं पाणी नाही. म्हणून नवरा-बायको होडी वल्हवत पलीकडे जातात, बादल्या भरतात, परत येतात, खांद्यावरच्या कावडीला त्या लावून चढण चढतात आणि एकेक रोप शिंपतात. पाणी पडतं, जमीन लगेच पिऊन टाकते. परत होडी. संवाद जवळपास नाहीतच. ती चढण चढतानाचे तिचे पाय, वाकलेली कावड, बादलीतलं डुचमळणारं पाणी, हे पुन्हा पुन्हा येतं, आणि थोड्या वेळाने आपणच तोल सांभाळायला लागतो. एकदा तिचा पाय घसरतो, बादली सांडते. नवरा येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. आपल्याला धक्का बसतो, त्याचा संताप येतो, आणि तरी ते पाणी किती मोलाचं होतं हे आपल्याला तोवर पुरतं कळलेलं असतं. दोन्ही एकदम वाटतं.

मग बऱ्याच वेळाने, थोरला मुलगा गेल्यानंतर, ती पुन्हा शेतात आहे. आणि अचानक ती बादलीभर पाणी स्वतःच जमिनीवर ओतून देते, रोपं उपटते, मातीवर पडून हंबरडा फोडते. नवरा बघत उभा राहतो. या वेळी तो मारत नाही. काही बोलतही नाही. थोडा थांबतो आणि आपल्या वाट्याचं शिंपण पुढे चालू करतो. तीही उठते. हा प्रसंग मी इथे सांगून टाकला तरी तुमचं काही नुकसान नाही. त्याच्या आधी तासभर त्या दोघांबरोबर पाणी वाहिलेलं असेल तरच तो लागतो, आणि ते माझ्या सांगण्याने होणार नाही.

सिनेमा दीड तासाहून थोडासाच मोठा आहे. शब्द नसल्यामुळे सबटायटल वाचायची धास्ती नाही. मोठ्या पडद्यावर कुठे लागला तर उत्तमच, नाहीतर घरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आवाज थोडा मोठा ठेवा, कारण हिकारू हायाशी यांचं संगीत आणि वल्ह्यांचा आवाज दोन्ही ऐकू यायला हवेत. पहिली वीस मिनिटं नुसतं पाणीच आहे. तेवढी तरी उठू नका.